खताच्या पाठीमागे: न्यायमूर्ती रानडे आणि दख्खनचा शेतकरी कायदा

दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, म्हणजे १८७९ चा सतरावा कायदा, १ नोव्हेंबर १८७९ रोजी पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत लागू झाला. कर्जाच्या दाव्यात न्यायाधीशाने केवळ समोर आलेल्या खतावर, म्हणजे कर्जरोख्यावर, निकाल देऊ नये. त्या खताच्या पाठीमागे जावे, पहिला रुपया कधी दिला तिथपासून सारा व्यवहार उलगडावा आणि मग रक्कम ठरवावी, ही कायद्याची मुख्य आज्ञा होती. खत म्हणजे करार आणि करार म्हणजे कायदा, असे मानणाऱ्या राज्यात हा मोठाच पालट होता. हा पालट कागदावरून कचेरीत आणण्याचे काम ज्या अधिकाऱ्यांनी केले, त्यांत महादेव गोविंद रानडे यांचे नाव पहिले घ्यावे लागते. समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ आणि इतिहासकार म्हणून रानडे सर्वांना ठाऊक आहेत. चार जिल्ह्यांतली दुय्यम न्यायालये तपासत फिरणारा सरकारी अधिकारी मात्र त्या मानाने विस्मरणात गेला. त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे या कामात गेली.

या कायद्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी पेशवाईच्या अखेरीपर्यंत मागे जावे लागते. त्या काळी कर्जवसुलीची साधने म्हणजे तगादा, धरणे आणि पंचायत. सावकार किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात ठाण मांडून बसे आणि गावासमोर त्याला लाज आणी. वाद वाढला तर पंचायत बसे. मुलुख जिंकल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतींची नोंद आहे. पंचायतीचे दोष त्याला दिसत होते. काम रेंगाळते, निर्णय अंमलात येईलच याची खात्री नाही, हे त्याने लिहिले. तरीही लोकांना ओळखीची असलेली ही व्यवस्था राखावी, असे त्याचे मत होते. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८२७ साली त्याच्या कारकिर्दीत कायद्यांची संहिता तयार झाली. अदालती उभ्या राहिल्या तशा पंचायती ओस पडत गेल्या. ज्याच्या हाती हुकूमनामा (डिक्री) आणि बेलीफ, त्याच्याकडे सावकार जाणार, हे उघड होते.

जुन्या व्यवस्थेत सावकाराला कुळाच्या, म्हणजे ऋणकोच्या, कलाने घ्यावे लागे. वसुलीसाठी सरकारी यंत्रणा सहजी हाती येत नसे आणि गावाच्या मताचा धाक असे. नव्या व्यवस्थेत हा धाक गेला. त्यात भर पडली ती तीन कायद्यांची. १८५५ साली व्याजाच्या दरावरची मर्यादा उठली. १८५९ साली दिवाणी कामकाजाची संहिता आली आणि त्याच वर्षी मुदतीचा कायदा झाला. मुदतीचा कायदा ऋणकोच्या भल्यासाठी होता: जुनी, विसरलेली कर्जे उकरून काढता येऊ नयेत. नोंदणी नसलेल्या खताला तीन वर्षांची मुदत ठरली. प्रत्यक्षात याचा परिणाम नेमका उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार कुळाला बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात घाली आणि नवे खत लिहून घेई. खत न बदलले तर उद्याच दावा, हे कुळाला ठाऊक असे.

याचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे दुखणे कळते. समजा, एखाद्याने दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने ५० रुपये घेतले आणि परतफेड काही झाली नाही. तीन वर्षांनी व्याज ३६ रुपये, म्हणजे नवे खत ८६ चे. आणखी तीन वर्षांनी तेच खत सुमारे १४८ चे होते आणि नवव्या वर्षाअखेर सुमारे २५४ चे. हातात पडले ते ५० रुपयेच. मध्यंतरी दिलेले धान्य, कडबा, बैलजोडीची मेहनत यांची नोंद बहुधा सावकाराच्याच वहीत, त्याच्याच अक्षरात होई. कुळाजवळ ना पावती, ना वही. न्यायालयात मात्र २५४ रुपयांचे, अंगठा उठवलेले, साक्षीदारांच्या सह्यांचे निर्दोष खत दाखल होई आणि न्यायाधीशाला ते खरे मानावेच लागे.

तेही कूळ हजर असेल तर. न्यायालय दूर, समन्स कधी बजावले कधी नाही, वकिलाला द्यायला पैसे नाहीत आणि सुगीचे दिवस. अशा स्थितीत कुळे तारखेला जात नसत आणि निकाल एकतर्फी लागत. पुढे जप्ती, लिलाव आणि कधी दिवाणी कैद. कैदेच्या नुसत्या भीतीनेही कूळ सावकार म्हणेल त्या कागदावर अंगठा उठवी.

१८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला तेजी आली तेव्हा सावकारांनी हात सैल सोडला होता. तेजी ओसरली, भाव कोसळले, त्याच सुमारास सरकारने फेरपाहणीत शेतसाऱ्याचा आकार वाढवला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यापायी गावच्या देशमुखाचे घर पाडले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला आणि ती चाल गावोगाव पसरली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकाने फोडली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत उठाव झाला. ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा. या उठावात माणसांवर फारसे हात पडले नाहीत. लोक मागत होते ते खते आणि हुकूमनामे. ते मिळाले की जाळत, न मिळाले तर घराला आग लावीत. आपले वैर कागदाशी आहे, हे त्या लोकांनी जितके नेमके ओळखले होते तितके सरकारने तोवर ओळखले नव्हते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने दिवाणी न्यायाच्या पद्धतीवर बोट ठेवले. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी वाढीव शेतसाराही कारण असल्याचे वेगळ्या टिपणात मांडले. पण सरकारला ते पटले नाही आणि सुधारणेचा रोख न्यायालयांकडेच राहिला. ही निवड महत्त्वाची होती. सारा कमी करणे म्हणजे तिजोरीला खार लागणे. न्यायालये सुधारणे त्या मानाने स्वस्त होते.

सरकार विचार करीत असताना पुण्यात एक वेगळा प्रयोग चालू झाला होता. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी लवाद न्यायालये काढली. दोन्ही पक्षांच्या संमतीने लवादांनी तंटा मिटवायचा, वकील नाही, खर्च जवळजवळ नाही. या प्रयोगाला उघड पाठिंबा देणाऱ्यांत मुंबई सरकारच्या सेवेतले विल्यम वेडरबर्न होते. १८६० साली धारवाडला साहाय्यक कलेक्टर म्हणून ते रुजू झाले, न्यायखात्यात वरच्या जागांवर चढले आणि १८८७ साली मुंबई सरकारचे प्रभारी मुख्य सचिव असताना निवृत्त झाले. शेतकऱ्याला कायद्याच्या कारखान्यात ढकलण्याआधी त्याच्या गावात समेटाची संधी द्यावी, हे वेडरबर्न यांचे जुने मत होते. पुढे ते दोनदा राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. पण त्यांची शेतकऱ्यांविषयीची कळकळ सभामंडपात उपजलेली नव्हती, ती या नोकरीतल्या अनुभवातून आली होती.

कायद्याचे विधेयक गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळात मुंबईचेच सनदी अधिकारी थिओडोर होप यांनी १८७९ साली सिमल्याला मांडले. दरम्यान दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ चा दुष्काळ होऊन गेला होता आणि वासुदेव बळवंत फडक्यांचे बंडही झाले होते. सरकारला आता थांबणे परवडणार नव्हते.

कायद्याची कलमे वाचताना जाणवते की लिहिणाऱ्यांनी आयोगाचा अहवाल शेजारी ठेवला होता. न्यायालयाने प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून त्याची जबानी शक्यतो घेतलीच पाहिजे, हे एकतर्फी निकालांवरचे औषध. बाराव्या कलमाने व्यवहाराचा इतिहास तपासण्याची सक्ती केली आणि तेराव्याने हिशेबाची रीत घालून दिली: मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी ठेवायची, व्याज मुद्दलात मिळवायचे नाही, सरळ व्याज धरायचे, ऋणकोने दिलेले धान्य आणि केलेली सेवा जमेस धरायची. शेवटी व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीपेक्षा जास्त निघाली तर मुद्दलाच्या दुपटीवर थांबायचे. ही दामदुपटीची जुनी रीत. हिंदू धर्मशास्त्रातून आणि गावच्या वहिवाटीतून ती इंग्रजी कायद्यात आली. वरच्या उदाहरणातले २५४ रुपये या हिशेबाने १०० वर येतात. एवढ्या एका कलमाने एखाद्या घराची जमीन वाचू शकत होती.

पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करता येणार नाही, असे एकविसाव्या कलमाने ठरवले. खास गहाण दिलेली नसेल तर त्याची स्थावर मिळकत जप्त करता येणार नाही, हे बाविसाव्याने. रक्कम हप्त्यांनी फेडण्याचा आदेश न्यायालय देऊ शकत होते. खतांची मुदत वाढवून साध्या खताला सहा आणि नोंदणीच्या खताला बारा वर्षे दिली, म्हणजे दर तीन वर्षांनी खत बदलण्याचे निमित्तच गेले. गावपातळीवर नोंदणी अधिकारी नेमले गेले आणि शेतकऱ्याचे खत त्यांच्या देखरेखीखालीच लिहिले जावे असे ठरले. १० रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी गावमुनसफ, म्हणजे गावचे न्यायाधीश, आले. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलांना मज्जाव झाला. आणि दावा लावण्याआधी कन्सिलिएटर, म्हणजे समेट घडवणारा पंच, याच्यापुढे जाऊन दाखला आणणे सावकाराला भाग पडले. पुण्याच्या लवाद न्यायालयांची छाया यावर स्पष्ट दिसते.

लहान दाव्यांत अपील नव्हते. अपिलाच्या जागी कायद्याने तपासणी ठेवली. वरिष्ठ अधिकाऱ्याने दुय्यम न्यायाधीशांच्या, मुनसफांच्या आणि पंचांच्या कचेऱ्यांत जाऊन कागद पाहायचे आणि निकाल चुकला असेल तर पक्षकाराने मागितले नसले तरी तो स्वतःहून दुरुस्त करायचा. या देखरेखीसाठी विशेष न्यायाधीशाची जागा निर्माण झाली. शेतकऱ्याला अपिलाचा खर्च झेपत नाही, तेव्हा वरिष्ठ न्यायालयानेच त्याच्याकडे जावे, ही यामागची कल्पना. साऱ्या कायद्यात याहून शहाणी तरतूद नसेल.

रानडे तेव्हा कुठे होते? मुंबई विद्यापीठाच्या अगदी सुरुवातीच्या पदवीधरांपैकी ते एक. अक्कलकोट आणि कोल्हापूर संस्थानांत काम करून, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवून, नोव्हेंबर १८७१ मध्ये ते पुण्याला पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. सार्वजनिक सभेच्या कामामागे त्यांची बुद्धी होती आणि हे सरकारलाही माहीत होते. १८७८ साली त्यांची नाशिकला बदली झाली. मे १८७९ मध्ये पुण्याचे बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडले, फडक्यांच्या बंडाने अधिकारी बिथरले आणि रानड्यांना धुळ्याला पाठवण्यात आले. तिथे त्यांच्या पत्रव्यवहारावर पाळत होती. ज्या वर्षी शेतकऱ्यांच्या ऋणमुक्तीचा कायदा सिमल्यात घडत होता, त्याच वर्षी त्या विषयाचा दख्खनमधला सर्वांत जाणता न्यायाधीश संशयित म्हणून खानदेशात बसला होता. रानड्यांनी कुरकुर न करता काम केले आणि संशय आपोआप विरला.

१८८१ साली त्यांची नेमणूक विशेष न्यायाधीश डॉ. पोलन यांचे साहाय्यक म्हणून झाली. पुणे आणि सातारा जिल्ह्यांतली न्यायालये तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. १८८४ साली ते पुण्याच्या लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश झाले, पुढच्या वर्षी मुंबई कायदेमंडळावर गेले आणि १८८६ साली हिंदुस्थान सरकारच्या खर्चकपात समितीवर बसले. १८८७ साली डॉ. पोलन यांच्या जागी ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले. सनदी सेवेबाहेरच्या एका हिंदी माणसाकडे चार जिल्ह्यांच्या दिवाणी न्यायाची देखरेख आली.

हे काम खुर्चीत बसून होणारे नव्हते. वर्षाचा बराच काळ फिरतीत जाई. सामान गाड्यांवर लादायचे, तालुक्याच्या गावी मुक्काम करायचा, न्यायालयाची दप्तरे मागवून बसायचे. रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या फिरतीविषयी लिहिले आहे; तिथे रानडे घरातल्या नजरेने दिसतात. दप्तरात पाहायचे काय, तर कायद्याने जे जे सांगितले ते खरोखर झाले का: प्रतिवादीची जबानी आहे की एकाच साच्याच्या दोन ओळी, हिशेब मुळापासून मांडला की शेवटच्या खतापासून, हप्ते कुळाच्या ताकदीकडे पाहून दिले की वादीच्या मागणीकडे. वरवर हे कारकुनी वाटते. पण दुय्यम न्यायाधीश वर्षानुवर्षे खताला प्रमाण मानत आले होते. हिशेब उकरायचा म्हणजे एका दाव्याला पाच दाव्यांचा वेळ. त्यांनी जुन्याच सवयीने निकाल दिले असते तर बारावे कलम कागदावरच राहिले असते. मागून कोणी कागद उघडणार आहे आणि तो उघडणारा माणूस हिशेबाचा, धर्मशास्त्राचा आणि कुळांच्या भाषेचा जाणकार आहे, हे ठाऊक असल्याने सवय बदलली. न्यायसुधारणेचा हा भाग इतिहासात क्वचित येतो, कारण त्याला ना सभा ना ठराव.

कायद्याने काही गोष्टी नक्की साधल्या. दिवाणी कैदेची दहशत गेली. एकतर्फी निकालांचा महापूर ओसरला. शेतकरी न्यायालयात येऊ लागला, प्रसंगी स्वतः वादी होऊन गहाण सोडवण्याचा दावा लावू लागला.

उणिवाही लवकरच दिसल्या. पंचापुढे समेट झाला की तो न्यायालयात दाखल होऊन हुकूमनाम्याइतका पक्का होई. पण समेटात व्यवहाराचा इतिहास तपासण्याची सक्ती नव्हती. चतुर सावकाराला ही आडवाट पुरेशी होती. गावमुनसफाचे काम माणसा-माणसाप्रमाणे बरे-वाईट होई. शेतकरी कोणाला म्हणावे, यावर दाव्यांमागून दावे झाले आणि व्याख्या पुन्हा पुन्हा बदलावी लागली. सर्वांत मोठी पळवाट खरेदीखताची होती. गहाणाचा हिशेब न्यायालय उकरणार असेल तर गहाण घ्यायचेच नाही. जमिनीचे सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि पैसे फेडल्यावर परत देईन असे तोंडी सांगायचे. कूळ फसले तरी कागदावर विक्रीच दिसे. पुढे दुरुस्ती करून, वरकरणी विक्री दिसणारा व्यवहार खरोखर गहाण आहे का, हे तोंडी पुराव्यावरून ठरवण्याची मुभा न्यायालयाला द्यावी लागली. कायदा नवा असतानाच, १८८३ साली, जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कचेऱ्यांतल्या नोकरवर्गाकडून शेतकऱ्याची होणारी नागवण मांडत होते. कायदा कितीही चांगला असला तरी तो लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या हातून जातो, हे त्यांचे म्हणणे या कायद्यालाही लागू होते.

रानड्यांना कायद्याची मर्यादा आतून दिसत होती. न्यायालय जुने कर्ज आटोक्यात आणू शकते. पुढच्या पेरणीला बी-बियाण्याचे पैसे देऊ शकत नाही. वसुली अवघड झाली तसा सावकाराने हात आखडता घेतला. म्हणून वेडरबर्न आणि रानडे यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली: आधी जुन्या कर्जांचा निवाडा, मग पेढीमार्फत स्वस्त कर्ज. व्हाइसरॉय रिपन यांच्या सरकारने ती उचलून धरली, लंडनच्या भारतमंत्र्याच्या कचेरीने नाकारली. ही योजना स्वीकारली असती तर या कायद्याला दुसरा पाय मिळाला असता. १८९१ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेपुढे रानड्यांनी युरोपातल्या भूतारण संस्थांचे दाखले देत शेतीच्या पतपुरवठ्याची नव्याने उभारणी मागितली. त्या मागणीमागे वर्षानुवर्षांची दप्तरतपासणी होती. सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो १९०४ साली.

१८९१-९२ मध्ये सरकारने या कायद्याच्या अंमलाची चौकशी केली आणि दोष दाखवूनही तो चालू ठेवण्याच्या बाजूने कौल पडला. १ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे उच्च न्यायालयात गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. कायदा त्यांच्यामागे टिकला. १९०५ साली त्याची काही कलमे मुंबई इलाख्याच्या इतर भागांतही लागू झाली. १९३९ आणि १९४७ साली कृषी कर्जनिवारणाचे नवे कायदे आल्यावर त्याचे काम त्यांच्याकडे गेले.

बाराव्या कलमामागचा विचार मात्र महाराष्ट्राच्या कायद्यातून गेला नाही. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ याच्या अठराव्या कलमाखाली, सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन, कागदावर ती खरेदी दिसत असली तरी, पंधरा वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा निबंधक चौकशी करून तो दस्त रद्द ठरवू शकतो आणि जमीन शेतकऱ्याला परत देऊ शकतो. त्यासाठी शेतकऱ्याला साधा अर्ज करावा लागतो.